चार हंगाम, पाच वर्षं आणि नवव्या वर्षी मैदानात उतरलेला खेळाडू

२०२४ साली मायामी विद्यापीठाकडून कॅम मॅकॉर्मिक नावाचा टाइट एंड, म्हणजे चेंडू झेलणारा आणि समोरच्याला अडवणारा खेळाडू, खेळत होता. अमेरिकन फुटबॉलमधलं, तेही कॉलेजातलं, त्याचं ते नववं वर्ष. २०१६ मध्ये तो ओरेगन विद्यापीठात दाखल झाला तेव्हा त्याच्याबरोबर आलेली मुलं केव्हाच डिग्री घेऊन बाहेर पडली होती. अमेरिकेत शिकायला आलेली आपली मुलं शनिवारी सामना बघायला जातात तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो: कॉलेजात चार वर्षंच खेळता येतं ना, मग हा पंचविशी ओलांडलेला गडी अजून कसा खेळतोय? त्यावर कुणीतरी ‘नापास झाला असेल’ असं म्हणून टाकतं. आपल्याकडच्या इंजिनीअरिंग कॉलेजातल्या ‘इयर डाउन’ची सवय डोक्यात असते, म्हणून तसं वाटतं. प्रत्यक्षात याच्या बरोबर उलट आहे. अभ्यासात मागे पडलेल्याला इथे जादा वर्ष मिळत नाही, उलट हातातलं वर्षही जातं.

कोडं सोडवायचं तर आधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी लागते. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संस्था. तिच्या डिव्हिजन १ मध्ये, म्हणजे तीन गटांपैकी सगळ्यात वरच्या गटात, मर्यादा एक नाही, दोन आहेत, आणि त्या वेगवेगळ्या मोजल्या जातात. पहिली मर्यादा वेळेची: पाच वर्षं. याला सगळे ‘क्लॉक’ म्हणतात, आपण घड्याळ म्हणू. दुसरी मर्यादा प्रत्यक्ष खेळण्याची: चार हंगाम. पाच वर्षांच्या घड्याळात चार हंगाम बसवायचे, एवढाच मूळ नियम. (इथे सगळीकडे २०२५ च्या हंगामापर्यंतचे नियम धरले आहेत.) ‘त्याला एक वर्ष जादा मिळालं’ असं ऐकलं की लगेच विचारायचं: कुठलं? हंगाम परत मिळाला की घड्याळ वाढलं? दोन्हींचे नियम वेगळे, अर्ज वेगळे, निर्णय घेणारेही वेगळे. बहुतेक घोटाळे ही दोन मापं एकमेकांत मिसळल्यामुळेच होतात.

घड्याळ केव्हा सुरू होतं? वयावर नाही, हायस्कूल संपल्याच्या तारखेवरही नाही. विद्यार्थी कुठल्याही कॉलेजात नियमित सत्रासाठी पूर्णवेळ नाव नोंदवतो आणि पहिल्या दिवशी वर्गात बसतो, त्या दिवशी ते सुरू होतं. ‘कुठल्याही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन वर्षांचं ज्युनिअर कॉलेज, ज्याला तिथे ‘ज्युको’ म्हणतात, तेही त्यात येतं. त्या कॉलेजात फुटबॉलचा संघ नसला तरी घड्याळ चालतं. आणि एकदा सुरू झालं की थांबत नाही. मध्येच कॉलेज सोडून दोन वर्षं घरी बसलात तरी ती दोन वर्षं गेली. डिव्हिजन २ आणि ३ मध्ये ही मोजणी वर्षांऐवजी पूर्णवेळ शिकलेल्या १० सत्रांची असते, त्यामुळे तिथे घरी बसलेला काळ धरला जात नाही. एका डिव्हिजनमधून दुसरीत जाताना हा फरक लक्षात ठेवला नाही तर हिशेब साफ चुकतो.

वय मोजलं जात नाही याचं चांगलं उदाहरण म्हणजे ब्रँडन वीडन. २००२ साली न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाने त्याला निवडलं. काही वर्षं तो खालच्या लीगांमध्ये बेसबॉल खेळला आणि २००७ मध्ये ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात दाखल झाला. फुटबॉलचं घड्याळ तेव्हा कुठे सुरू झालं. २०१२ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, पहिल्याच फेरीत निवडला गेला तेव्हा तो २८ वर्षांचा होता, आणि यासाठी त्याला कुणाची खास परवानगी लागली नव्हती.

घड्याळ मुद्दाम उशिरा सुरू करण्याच्या युक्तीला ‘ग्रेशर्ट’ म्हणतात. संघात जागा नसली की प्रशिक्षक मुलाला सांगतात, ऑगस्टमध्ये पूर्णवेळ येऊ नकोस, जानेवारीत ये. मुलगा त्या सत्रात कामं करतो, व्यायाम करतो, फार तर १२ क्रेडिटपेक्षा कमी विषय घेतो. जानेवारीत पूर्णवेळ नाव घातलं की तिथून पाच वर्षं, म्हणजे ऑगस्टच्या सुमारास सुरू होणारे पुढचे पाच हंगाम हाताशी. यात ठरलेली चूक एकच. ‘घरी बसण्यापेक्षा जवळच्या कम्युनिटी कॉलेजात चार विषय करून टाकू’ असं आईवडिलांना वाटतं. तीन-तीन क्रेडिटचे चार विषय म्हणजे बरोबर १२, म्हणजेच पूर्णवेळ. घड्याळ त्याच दिवशी सुरू झालं. नंतर एखादा विषय सोडून ते मागे फिरत नाही. ‘घड्याळ केव्हा सुरू होतं हे माहीत नव्हतं’ हे कारण नियमातच नामंजूर कारणांच्या यादीत लिहिलेलं आहे.

घड्याळ थांबवणाऱ्या मोजक्या गोष्टी आहेत: सैन्यातली सेवा, चर्चचं अधिकृत मिशन आणि अमेरिकी सरकारची परदेशातली मदतसेवा. मॉर्मन चर्चच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संघात तेविशी-चोविशीतले खेळाडू इतके का दिसतात याचं उत्तर यातच आहे. त्यातले अनेक जण दोन वर्षांचं मिशन करून आलेले असतात. गरोदरपणासाठी एक वर्ष वाढवून मिळतं, पण त्याचा लाभ मुख्यतः महिलांच्या खेळांत होतो.

आता हंगामाकडे. इथे ‘रेडशर्ट’ हा शब्द येतो. १९३७ साली नेब्रास्काच्या वॉरन अल्फसनने ‘या वर्षी मला सामन्यात घेऊ नका, फक्त सराव करू द्या’ अशी विनंती केली आणि तो लाल शर्ट घालून सराव करत राहिला. शब्द तिथून आला असं सांगितलं जातं. रेडशर्ट म्हणजे शिक्षा नव्हे, परवानाही नव्हे. तो फक्त मोजणीचा परिणाम आहे: त्या वर्षी हंगाम वापरला गेला नाही, घड्याळ मात्र एक वर्षाने पुढे सरकलं. सराव, बैठका, व्यायामशाळा, संघाचा प्रवास, गणवेश घालून बाजूला उभं राहणं, यातलं काहीच मोजलं जात नाही. मोजलं जातं ते मैदानात पाऊल टाकणं.

२०१८ पूर्वी हा नियम फार कडक होता. नोव्हेंबरच्या शेवटच्या सामन्यात दोघे जण जखमी झाले म्हणून नवख्या मुलाला एका स्नॅपसाठी, म्हणजे एका चालीपुरतं, उतरवलं, तरी त्याचा पूर्ण हंगाम गेला. जून २०१८ मध्ये नियम बदलला: चार सामन्यांपर्यंत खेळलात तरी हंगाम वापरला असं धरणार नाहीत. ते चार सलग असण्याची गरज नाही; पहिले दोन आणि शेवटचे दोनही चालतात. पण सामना म्हणजे सामना. किकऑफच्या वेळी एकदाच धावून बाहेर आलेल्याचा आणि सत्तर स्नॅप खेळलेल्याचा हिशेब सारखाच. म्हणून स्पेशल टीम्सच्या, म्हणजे चेंडूला किक मारण्याच्या वेळी उतरणाऱ्या तुकड्यांच्या, प्रशिक्षकाकडे रोजची यादी असावी लागते: कुणाचे किती सामने झाले, कुणाचा चौथा झाला. पाचव्या सामन्यात चुकून पंटच्या, म्हणजे किकने दूर पाठवलेल्या चेंडूच्या, मागे धावायला पाठवलेला मुलगा परत आणता येत नाही.

या चार सामन्यांनी प्रशिक्षकांच्या हातातली ताकद थोडी खेळाडूकडेही आली. त्याच वर्षी क्लेमसन विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाली चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, केली ब्रायंट चार सामने खेळला, ट्रेव्हर लॉरेन्सला पहिली पसंती मिळाल्यावर तिथेच थांबला, हंगाम वाचवला आणि पुढच्या वर्षी मिझुरीकडून खेळला. तेव्हा त्याच्यावर बरीच टीका झाली. माझ्या मते त्याने काहीच चुकीचं केलं नाही. चारच हंगाम हातात असणाऱ्याने स्वतःचा हंगाम मोजून खर्च करणं हा शहाणपणा आहे.

दुखापतीमुळे गेलेला हंगाम परत मिळवण्यासाठी वेगळी वाट आहे, ती ‘मेडिकल हार्डशिप’. बोलताना लोक तिलाच ‘मेडिकल रेडशर्ट’ म्हणतात. तिच्या अटी नेमक्या आहेत आणि सगळ्या एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. दुखापत किंवा आजार इतका असावा की त्या मोसमात पुन्हा खेळणं अशक्य झालं. तो मोसमाच्या पहिल्या अर्ध्या भागात झालेला असावा. १२ सामन्यांच्या वेळापत्रकात याचा अर्थ सातवा सामना सुरू होण्यापूर्वी. आणि तोपर्यंत खेळलेले सामने तीन किंवा एकूण सामन्यांच्या ३० टक्के, यातला जो आकडा मोठा असेल त्याहून जास्त नसावेत. १२ चे ३० टक्के ३.६, अपूर्णांक वरच्या पूर्ण आकड्याला नेतात, म्हणजे चार. दुखापत मैदानावरच झाली पाहिजे अशी अट नाही. गाडीच्या अपघातात मोडलेला पाय चालतो, महिनोन्महिने टिकणारा आजारही चालतो.

सगळ्यात वाईट फसगत होते ती परतण्याच्या घाईत. चौथ्या सामन्यात गुडघा दुखावला, सहा आठवडे विश्रांती घेतली, अकराव्या सामन्याला ‘बरं वाटतंय’ म्हणून मुलगा आठ स्नॅप खेळला आणि गुडघा पुन्हा गेला. मोसमाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात उतरल्यामुळे हार्डशिपचं दार तिथेच बंद झालं. आठ स्नॅपसाठी वर्ष गेलं! चार सामन्यांचा नियम अशा वेळी वाचवू शकतो, पण एकूण आकडा चार किंवा त्याहून कमी असेल तरच; इथे तो पाच झाला. म्हणून दुखापतीतून उठलेल्या खेळाडूने मैदानात पाऊल टाकण्यापूर्वी ट्रेनरबरोबरच कंप्लायन्स ऑफिसलाही विचारलं पाहिजे. हे ऑफिस प्रत्येक विद्यापीठात असतं आणि नियमांचा हिशेब ठेवणं हेच त्याचं काम. हार्डशिपचा अर्ज तिथूनच कॉन्फरन्सकडे, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाकडे, जातो. खेळाडू किंवा त्याचे पालक थेट अर्ज करू शकत नाहीत.

कागद कुठले लागतात? ज्या डॉक्टरने त्या वेळी उपचार केले त्याच्याच सहीची, त्याच काळातली नोंद. तिच्यात दुखापतीची तारीख, निदान, केलेले उपचार किंवा शस्त्रक्रिया, आणि ‘या मोसमात खेळता येणार नाही’ हे स्पष्ट वाक्य हवं. हे शेवटचं वाक्यच बहुतेक वेळा गायब असतं. एमआरआयचा अहवाल लिगामेंट फाटल्याचं सांगतो. मोसम संपल्याचं सांगत नाही. दोन वर्षांनी त्याच डॉक्टरकडून पत्र आणलं तर त्याला त्या वेळच्या नोंदीइतकं वजन येत नाही. शिवाय वेळापत्रक आणि खेळलेल्या प्रत्येक सामन्याची यादी जोडावी लागते.

आता एक बारकावा, जो भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. २०१८ नंतर चौथ्या सामन्यापूर्वी जखमी झालेल्या खेळाडूला हंगाम वाचवण्यासाठी हार्डशिपची गरजच उरली नाही. चार सामन्यांच्या नियमाने तो आपोआप वाचतो. त्यामुळे कागद गोळा करायचा कंटाळा केला जातो. पण पुढे घड्याळ वाढवून मागायची वेळ आली की त्या वर्षी तो कशामुळे खेळला नाही, हे सिद्ध करावं लागतं. प्रशिक्षकाने बसवलं म्हणून की पाय मोडला म्हणून? पहिल्याला शून्य किंमत आहे, दुसऱ्याला पूर्ण. हंगाम आपोआप वाचला तरी फाइल तयार झालीच पाहिजे.

कारण घड्याळ वाढवण्याचा, म्हणजे सहाव्या वर्षाचा, नियम असा आहे: पाच वर्षांत खेळाडूच्या आणि विद्यापीठाच्या हाताबाहेरच्या कारणांनी एकापेक्षा जास्त हंगाम हुकले असले पाहिजेत. एक हुकला तर त्यासाठी पाचवं वर्ष आहेच, असं त्यामागचं गणित. हाताबाहेरची कारणं म्हणजे दुखापत, आजार, नैसर्गिक आपत्ती, घरावर कोसळलेलं मोठं आर्थिक संकट. हाताबाहेरची नसलेली कारणंही लिहून ठेवलेली आहेत: प्रशिक्षकाच्या इच्छेने झालेला रेडशर्ट, कमी गुणांमुळे किंवा शिस्तभंगामुळे बाहेर बसणं, बदली घेतल्यामुळे गेलेलं वर्ष, आणि प्रशिक्षकाने दिलेल्या चुकीच्या माहितीवर विसंबून राहणं. हे शेवटचं कलम मला अन्यायाचं वाटतं. अठरा वर्षांचा पोरगा प्रशिक्षकाच्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही तर कुणाच्या? पण नियम तसा आहे, म्हणून प्रशिक्षक जे सांगेल ते कंप्लायन्सकडून लेखी घ्यावं.

कोविडने या सगळ्यावर एक वेगळाच थर चढवला. ऑगस्ट २०२० मध्ये एनसीएएने ठरवलं की त्या वर्षीचा हंगाम कुणाचाच मोजायचा नाही आणि घड्याळही सगळ्यांचं एक वर्षाने वाढवायचं. लक्षात घ्या, दोन्ही मापं एकदमच सैल केली. बारा सामने खेळलेल्यालाही आणि घरी बसलेल्यालाही सारखाच लाभ. म्हणून २०२१ पासून पुढची काही वर्षं सहावं-सातवं वर्ष खेळणारे ‘सुपर सीनियर’ प्रत्येक संघात दिसत राहिले. ज्यांनी २०२० नंतर कॉलेजात पाऊल टाकलं त्यांना यातलं काही मिळालं नाही, उलट त्यांच्या वाट्याच्या जागा जुन्यांनी अडवल्या. हायस्कूलमधून येणाऱ्या मुलांचं तेव्हा झालेलं नुकसान कुठल्याच आकडेवारीत नीट दिसत नाही, पण ते झालं.

आता मॅकॉर्मिकचा हिशेब मांडून पाहा. २०१६: रेडशर्ट. २०१७: खेळला, पहिला हंगाम. २०१८: पहिल्याच सामन्यात पाय मोडला, एकच सामना, हंगाम वाचला. २०१९: त्याच पायाच्या शस्त्रक्रिया, खेळला नाही. २०२०: पुन्हा बाहेर, आणि ते कोविडचं वर्ष, कुणाचंच मोजलं नाही. २०२१: दोन सामने खेळला आणि टाचेची कंडरा तुटली, हंगाम वाचला. २०२२: ओरेगनकडून खेळला, दुसरा. २०२३: मायामीकडून तिसरा. २०२४: चौथा. नऊ वर्षांत त्याने खेळलेले हंगाम बरोबर चार! एकही जादा नाही. जादा मिळालं ते घड्याळ. पाच वर्षं २०२० च्या हंगामाबरोबर संपली, कोविडने २०२१ दिलं, आणि पुढची तीन वर्षं मोडलेल्या पायाच्या कागदांवर मिळाली. त्याला कुणी फुकट वर्षं वाटली नाहीत.

क्वार्टरबॅक डिएगो पावियाचं प्रकरण नेमकं उलट्या बाजूचं. २०२० आणि २०२१ मध्ये तो न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूट या ज्युकोत होता, २०२२ आणि २०२३ मध्ये न्यू मेक्सिको स्टेटला, २०२४ मध्ये व्हँडरबिल्टला. २०२० सोडलं तर हंगाम झाले चार. कोविडचं वर्ष धरून घड्याळात अजून एक वर्ष शिल्लक होतं, पण हंगाम संपले होते. त्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेडरल न्यायालयात दावा केला: ज्युकोतले सामने एनसीएएचे नाहीत, तिथे ना टीव्हीचा पैसा ना जाहिरातींचा, मग तो हंगाम माझ्या चारांत का धरता? युक्तिवाद मक्तेदारीविरोधी कायद्यावर उभा होता. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येऊ लागले, त्यामुळे जादा वर्ष ही हौसेची बाब न राहता कमाईची बाब झाली होती. १८ डिसेंबर २०२४ ला न्यायाधीश विल्यम कॅम्पबेल यांनी त्याच्या बाजूने तात्पुरता मनाई हुकूम दिला. काही दिवसांतच एनसीएएने त्याच्यासारख्या, म्हणजे २०२४-२५ मध्ये शेवटचा हंगाम संपणाऱ्या आणि एनसीएएबाहेरच्या कॉलेजातून आलेल्या सगळ्यांना २०२५-२६ चं एक वर्ष दिलं. पाच वर्षांचं घड्याळ मात्र त्यात सैल केलं नव्हतं. हंगाम परत मिळाला तरी घड्याळ संपलेल्यांना त्याचा उपयोग नव्हता. पाविया २०२५ मध्ये खेळला आणि हाइझमन ट्रॉफीच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूच्या पुरस्काराच्या, मतदानात दुसरा आला.

त्यानंतर दाव्यांची रांग लागली आणि निकाल एकसारखे लागले नाहीत. विस्कॉन्सिनच्या एका कॉर्नरबॅकने (बचाव फळीतल्या खेळाडूने) डिव्हिजन २ मधले आपले दोन हंगाम मोजू नयेत म्हणून दाद मागितली. खालच्या न्यायालयात तो जिंकला, पण जुलै २०२५ मध्ये सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी तो हुकूम रद्द केला. म्हणजे एकाच वर्षात, जवळपास एकाच मुद्द्यावर, टेनेसीतल्या व्हँडरबिल्टचा पाविया मैदानात आणि विस्कॉन्सिनमधला खेळाडू बाहेर. ‘पाच वर्षांत पाचही हंगाम खेळा, रेडशर्टची भानगडच नको’ ही सूचना म्हणूनच पुन्हा पुन्हा पुढे येते. मला ती पटते. तिने हंगामाचं मापच निघून जाईल आणि फक्त घड्याळ मोजायचं उरेल. दुखापतग्रस्तांसाठी घड्याळ वाढवण्याची सोय मात्र तेव्हाही ठेवावी लागेल.

जादा वर्ष मंजूर झालं तरी अभ्यास सुटत नाही. दर सत्रात पूर्णवेळ नाव हवं, पदवीसाठी किमान १२ क्रेडिट. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला डिग्रीचा ४० टक्के, चौथ्याच्या ६० आणि पाचव्याच्या ८० टक्के भाग पुरा झालेला हवा. फुटबॉलपुरती आणखी एक अट आहे: ऑगस्टच्या सुमारास सुरू होणाऱ्या सत्रात नऊ क्रेडिट पास झाले नाहीत तर पुढच्या हंगामातले पहिले चार सामने बाहेर. त्यामुळे सहाव्या-सातव्या वर्षातले खेळाडू बहुधा मास्टर्स करत असतात.

आणि पात्रता म्हणजे संघात जागा नव्हे. घड्याळ वाढल्याचं पत्र फक्त ‘तू खेळू शकतोस’ एवढंच सांगतं. ‘तुला ठेवतो’ हे प्रशिक्षक सांगतो. २०२५ पासून ८५ शिष्यवृत्त्यांच्या मर्यादेऐवजी संघात १०५ खेळाडूंची मर्यादा आली. पूर्वी शिष्यवृत्ती न घेता मागच्या बाकावर राहणाऱ्यांना जागा मिळायची, ती आता मोजून मिळते. म्हणून अर्ज करण्यापूर्वीच प्रशिक्षकाला विचारून घ्यावं: पुढच्या यादीत नाव आहे का, आणि शिष्यवृत्ती पूर्ण वर्षाची की एकाच सत्राची? उत्तर ‘बघू’ असेल तर पोर्टलची, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या नोंदणीची, तारीख आधी पाहावी, कारण ती खिडकी बंद झाल्यावर आलेलं मंजुरीचं पत्र दुसऱ्या कॉलेजात जायला उपयोगी पडेलच असं नाही.